कुटुंब नावाचा कॉलम

देवगाव फाट्यावर सेलूकडं वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी खताचं एक दुकान आहे आणि त्याच्यावर एक खोली. खाली खताचा उग्र वास, वर एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि भिंतीला टाचलेला महाराष्ट्राचा नकाशा. ह्या खोलीत राजेश्री बसते. वय तिशीला टेकलेलं, अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. हिच्या लग्नाचं काय, असं चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे आपसात विचारतात. तिच्या तोंडावर विचारायची कुणाची टाप नाही. कुणी विचारलंच, तर ती विचारणाऱ्याकडं नुसती बघत राहते, आणि मग त्या माणसाला अचानक आपली गाडी आठवते.

तिचं काम सांगायला सोपं आहे. दारातले आकाशकंदील उतरायच्या आत ह्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, शेळ्या, गोधड्या आणि लेकरं चढतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. मागे कुणी आजारी पडलं, कुणाचं बरंवाईट झालं, तर उसाच्या फडात निरोप जायचा कसा? मुकादमाला फोन करायचा, मुकादमानं ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, ट्रॅक्टरवाल्यानं आठवण राहिली तर सांगायचं. तोवर इकडचं सगळं आटोपलेलं असायचं. दिनकरराव नावाच्या एका निवृत्त मास्तरांनी ह्यावर तोडगा म्हणून छोटी संस्था काढली. गावातून खबर आली की ऑफिसात नोंदवायची आणि कॉम्प्युटरवरून थेट त्या माणसाच्या मोबाइलवर आवाजी निरोप सोडायचा. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता तर येतंच.

त्या निरोपात आवाज राजेश्रीचा होता. "रामराम. देवगाव फाट्याच्या हापिसातून राजेश्री बोलते. तुमच्या घरी अडचण हाय. आजच्या आज घरी फोन लावा." एवढंच बोलायचं, पण रेकॉर्ड करताना 'तुमच्या घरी' म्हटलं की ती अडायची आणि दिनकरराव पुन्हा बटण दाबायचे. शेवटी त्यांनी खिडकीबाहेर बघत कारण न विचारता वाट पाहिली. मास्तर मूळचे तापट, पण कुठं गप्प बसायचं ते त्यांना कळायचं.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. राजेश्री अशाच एका घरची. बाप बजरंग, आई गीताबाई, दोघं दरवर्षी फडावर. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला शेजारच्या कडूबाईकडं ठेवायचे. कडूबाईनं तिला आपल्या लेकाच्या, गोपीचंदच्या बरोबरीनं वाढवलं, जेवू घातलं, वेणी घातली, प्रसंगी पाठीत धपाटाही घातला. तरी ट्रॅक्टर निघाला की राजेश्री घराच्या मागं जाऊन उभी राहायची, कारण पुढून पाहिलं की आई रडायची. मोठी झाली, परभणीला कॉम्प्युटर शिकली, पुण्यात एका कंपनीत लागली. आई आजारी पडली तेव्हा ती नोकरी सोडून आली. त्या साली गीताबाई फडावर गेलीच नाही, बजरंग एकटा गेला. थंडीत आई गेली. निरोप निघाला, मुकादमाकडून ट्रॅक्टरवाल्याकडं, तिथून बजरंगकडं. बजरंगनं फोन लावला, खबर ऐकली, आणि गावात पोचला तेव्हा सारं उरकून राख गार झाली होती.

घरात आल्यावर त्यानं लेकीला एकच विचारलं, "थांबली न्हाईस?"

थांबवणं तिच्या हातात नव्हतं. जाणत्या माणसांनी ठरवलं, तिनं मान हलवली. पण हे तिला तेव्हा बोलता आलं नाही, आणि नंतर बोलायला बाप घरात टिकेना. ती कमावती झाली होती, आता फडावर जाऊ नका म्हणत होती. तो ऐकून घ्यायचा आणि दिवाळी झाली की गोधडी बांधायचा. गेला की फोन नाही. ती लावायची तेव्हा "काय झालं?" असं विचारायचा, काही झालं नाही म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायचा. हळूहळू तिनंही लावणं सोडलं. बापानं आपल्याला माफ केलेलं नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. पक्कं धरलेलं माणूस तपासून बघत नाही, ही एक मोठी अडचणच असते.

आता त्या कॉलमची गोष्ट. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. मुकादम टोळी मोजतो ती अशीच, साडेअकरा कोयते, साडेनऊ कोयते. गीताबाई गेली आणि बजरंग अर्धा झाला. टोळीत कुणी हाक मारताना म्हणायचं, "ओ अर्धा कोयता, इकडं या." त्यात कुणाचा वाईट हेतू नसायचा. पण एकदा राजेश्रीच्या कानावर ते पडलं, आणि तो शब्द तिच्या मनातून कायमचा उतरला. ऑफिसात आल्यावर तिनं घरांची माहिती भरायला कॉम्प्युटरवर टेबल, म्हणजे तक्ता बनवला, तेव्हा ओळख म्हणून प्रत्येक घराला एक नंबर दिला आणि त्या कॉलमचं नाव ठेवलं 'कुटुंब'. त्या टेबलात तिचा बाप अर्धा नव्हता. एक नंबर, एक ओळ, पुरतं एक कुटुंब.

निरोपांचं टेबल मात्र दिनकररावांनी आधीच करून ठेवलं होतं. त्यांनी कॉलमचं नाव दिलं होतं 'कोयता', कारण एका घरात बाप-आई आणि भाऊ-भावजय असे दोन कोयते असतात, आणि निरोप नेमक्या जोडीला जायला पाहिजे. विचार चुकीचा नव्हता. राजेश्री ते टेबल उघडायची, नोंदी वाचायची, आणि तो मथळा मात्र तिची नजर सवयीनं टाळून जायची.

संक्रांतीच्या आधी तिनं नवी क्वेरी, म्हणजे टेबलांना विचारायचा प्रश्न, लिहिली. तोवर मोबाइल नंबर एकेक करून शोधावा लागायचा. आता मशीननंच शोधावा अशी तिची इच्छा. आत एक प्रश्न, बाहेर एक प्रश्न. आतला म्हणतो, आजच्या निरोपांत कोणती कुटुंबं आहेत? बाहेरचा म्हणतो, त्या कुटुंबांचे मोबाइल नंबर काढ. तिनं चालवून पाहिली. त्या दिवशी गावांतून एकही खबर आली नव्हती, म्हणून उत्तरात एकही नंबर आला नाही. जसं यायला हवं तसंच. ती समाधानानं चहा प्यायला खाली उतरली, आणि चहावाल्याला आश्चर्य वाटलं, कारण त्या दिवशी ती स्वतःहून चक्क दोन वाक्यं बोलली.

पुढं तीन-चार दिवस कुठूनच खबर आली नाही, आणि मग एका सकाळीच कडूबाई न्हाणीत घसरली. शेजाऱ्यांनी उचलून सेलूच्या दवाखान्यात नेली. मांडीचं हाड मोडलं होतं. राजेश्री आधी दवाखान्यात धावली. कडूबाई कण्हत म्हणाली, "माझ्या गोप्याला सांग माय, तेवढं सांग." राजेश्री तशीच फाट्यावर आली, फडावर गेलेल्या गोपीचंदच्या नावे निरोप नोंदवला, क्वेरी चालवली आणि बटण दाबलं. उत्तरात किती ओळी आल्या ते तिनं पाहिलं नाही. डोळ्यांपुढं कडूबाई होती.

पहिला फोन गोपीचंदचा आला. तो निघतो म्हणाला. तिनं मोकळा श्वास घेतला तोच दुसरा वाजला.

"राजेश्रीताई, माझ्या बापाला काय झालं वं? खरं सांगा."

"कोण बोलायलंय?"

तो मानवतजवळच्या गावचा कुणी होता. त्याच्या घरून काही खबरच नव्हती. ती त्याला काही सांगेपर्यंत तिसरा, मग चौथा. एक बाई नुसती रडत होती, नाव सांगेना. कुणी म्हणे कोयता टाकून रस्त्यावर उभा आहे, गाडी मिळत नाही. कुणी आधीच जीपला हात केला होता. राजेश्रीनं स्क्रीनकडं पाहिलं. निरोप सगळ्यांना गेला होता. नोंदीत असलेल्या झाडून सगळ्या घरांना, तिच्या आवाजात, तुमच्या घरी अडचण हाय.

दिनकरराव धापा टाकत जिना चढून आले. ती वाजणाऱ्या फोनकडं नुसती बघत होती. ते म्हणाले, "आधी फोन घे. रडायला सबंध दुपार पडली आहे." मग दोघांनी दोन फोन धरले. नवा निरोप रेकॉर्ड केला, मघाचा चुकून गेला, तुमच्या घरी सगळं बरं हाय, माफ करा. तो सगळ्यांना सोडला. शिव्या आल्या, त्या खाल्ल्या. एक म्हातारा मात्र म्हणाला, "चुकून का व्हईना, घरी बोलनं तर झालं," आणि त्यानं हसून ठेवलं. बाकी कुणी हसलं नाही.

गलका जरा ओसरल्यावर मास्तरांनी क्वेरी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, माझ्या टेबलात कुटुंब कुठं आहे? तिथं कोयता आहे."

राजेश्रीला एका क्षणात सगळं उलगडलं. आतल्या प्रश्नात तिनं निरोपांच्या टेबलाकडं 'कुटुंब' मागितलं होतं, आणि त्या टेबलात तसला कॉलमच नव्हता. माणूस असता तर म्हणाला असता, असलं इथं काही नाही, पुढच्या दारी बघा. मशीन तसं म्हणत नाही. आत नाव सापडलं नाही की ते गुमान बाहेरच्या टेबलात जाऊन बघतं. बाहेर 'कुटुंब' होतं. मग त्यानं प्रत्येक घराला त्याचाच नंबर दाखवून विचारलं, हा नंबर तुझा का? प्रत्येक घर हो म्हणालं. आत निरोपाची एक ओळ असली की सगळी घरं खरी. आत एकही ओळ नसली की एकही नाही. म्हणून रिकाम्या दिवशीची चाचणी अगदी बरोबर आली होती. चूक दिसायला एखाद्याच्या घरी खरीच अडचण यावी लागत होती.

"नाव मी ठेवलं आणि तुला बजावलं नाही," मास्तर म्हणाले. "पण टेबल तर तू रोज बघतेस."

बघत होते, पण तो शब्द बघत नव्हते, असं तिच्या ओठावर आलं. 

मग ती सोडलेल्या निरोपांची यादी उघडून बसली. कुणी ऐकलं, कुणी उचलला नाही, सगळं तिथं येतं. आणि तेव्हा, इतक्या घाबऱ्या लोकांना शांत करून झाल्यावर, तिला स्वतःचं घर आठवलं. बजरंगचा नंबर त्यातच होता. पहिला निरोप त्यानं शेवटपर्यंत ऐकला होता. दुसरा उचललाच नव्हता. जिल्ह्यातली माणसं फडाफडांतून ओरडून विचारत होती, आमच्या घरी काय झालं; त्या सगळ्या गोंगाटात तिच्या बापाचा फोन नव्हता.

तिनं स्वतःच्या मोबाइलवरून लावला. पूर्ण रिंग गेली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. फोन चालू होता, खिशात वाजत होता, आणि तो उचलत नव्हता. लेकीचा आवाज ऐकला, घरी अडचण आहे हे ऐकलं, आणि विचारावंसंही वाटलं नाही? तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा भोवती माणसं होती. आता खाली फाट्यावर जिंतूरच्या गाड्या थांबत होत्या, लोक चढत-उतरत होते, आणि तिला वाटलं की ह्यातल्या एकाचंही आपल्याशी काही देणंघेणं नाही. घरी जाऊन तिनं भाकरी केली आणि झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना जिना वाजला. पाय ओढत चढण्याचा आवाज तिला ओळखू आला, पण तिनं त्यावर विश्वास ठेवला नाही. दारात बजरंग उभा होता. अंगावर फडातलेच कपडे, हातांवर उसाच्या पात्यानं कापलेल्या रेघा, तोंड प्रवासानं काळवंडलेलं. सांगलीकडच्या फडातून मिळेल त्या टेम्पोनं आणि एसटीनं तो आला होता. तिला बघून त्यानं दाराची चौकट धरली.

"तू बरी हायीस?"

"बरी हाय अप्पा."

"मंग कोन गेलं?"

"कोनी गेलं न्हाई. कडूमाय पडली, पाय मोडला. गोपीचंद आलाय तिच्यापाशी." तिनं दुसरी खुर्ची पुढं सरकवली. "तुमाला निरोप चुकून गेला. सगळ्यायलाच गेला. माझी चूक झाली."

तो तिच्यावर बसला.  "मंजी तू बोलावलं न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

तिला राग आला. सगळा दिवस आणि सगळी रात्र दाबून ठेवलेला राग. "मी किती बारी फोन लावला! उचलला का न्हाई?"

"उचलला असता तर तू सांगितलं असतं."

"मंग?"

"मागल्या बारीला फोन केला, ऐकलं, अन् बांधावर बसलो ते बसलोच. पायच उठंनात. टेम्पो गेला, गाडी गेली." तो आपल्या तळव्यांकडं बघत होता. "ह्या बारीला म्हनलं, ऐकायचंच न्हाई. आदी जायचं, मंग ऐकायचं. खिशात वाजत ऱ्हायला, पर हात लावला न्हाई."

राजेश्री उठून त्याच्याकडं निघाली आणि मधेच थांबली. पुढं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, तसली सवयच नव्हती त्यांना. "अप्पा, मला थांबवता न्हाई आलं तवा. तुमी इचारलं हुतं ना."

"म्या इचारलं, खरंय." तो खाली मान घालून म्हणाला. "तुला म्हनून न्हाई माय इचारलं. तू थांबली असतीस तर मला तिचं तोंड दिसलं असतं, एवढंच आलं तोंडात. येळंवर न्हाई आलो मी. ते माझं मला. तुझ्याकडं बघितलं की तेच आठवतं, मंग घरात ऱ्हावत न्हाई."

ती रडली. तो उठला नाही, पण जवळ पडलेला तिचा दुपट्टा त्यानं तिच्या हातात दिला. 

कायमचे राहा म्हणाली, तर राहिला नाही. दवाखान्यात जाऊन कडूबाईला भेटला, एक रात्र घरी काढली, आणि सकाळी पुन्हा फाट्यावर आला. त्याच्यासारखाच बायको गेलेला एक जण टोळीत होता. दोन अर्धे मिळून मुकादमानं एक कोयता केला होता. "मी न्हाई गेलो तर तो बसून ऱ्हातो," बजरंग म्हणाला. एसटी आली. तो मागच्या दारापाशी बसला, खिडकीतून हात केला की नाही ते धुळीत दिसलं नाही. गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली.

राजेश्री वर आली आणि कामाला बसली. आधी तिनं जुनीच क्वेरी घेतली आणि आतल्या 'कुटुंब'च्या आधी टेबलाचं नाव लिहिलं, निरोपांच्या टेबलातलं कुटुंब. मशीननं लगेच तोंड उघडलं, असा कॉलम इथं नाही. एवढं त्यानं त्या दिवशी म्हटलं असतं तर! पण त्याला कोणत्या टेबलातलं ते सांगितलंच नव्हतं. मग तिनं आपल्या टेबलात 'कोयता' असा कॉलम घातला आणि दिनकररावांच्या नोंदीवरून एकेक घर भरत गेली. बापाच्या ओळीपाशी हात अडला. तिथं नंबरापुढं 'अर्धा' असं लिहायचं होतं. तिनं ते लिहिलं. जे आहे ते लिहिल्याशिवाय नेमका माणूस सापडत नाही, हे तिला आता कळून चुकलं होतं. क्वेरीत प्रत्येक कॉलमच्या आधी त्याच्या टेबलाचं नाव घातलं, आतही आणि बाहेरही.

चाचणी ह्या वेळी रिकाम्या टेबलावर चालणार नव्हती. निरोपांत एक तरी ओळ पाहिजे होती. तिनं चाचणीपुरती एक भरली, बजरंगच्या कोयत्याची. क्वेरी चालवली. उत्तरात एकच ओळ आली, एकच नंबर.

ती त्याच्याकडं बघत बसली. मग चाचणीची ओळ पुसली, कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. दोन रिंग झाल्या आणि फोन उचलला गेला. एसटीचा खडखडाट, कंडक्टरची घंटी, आणि त्यातून बापाचा घाबरा आवाज.

"काय झालं?"

"काई न्हाई झालं अप्पा."

"मंग?"

"काई न्हाई झालं, म्हनून लावला."

तो "बरं" म्हणाला. तिला वाटलं आता ठेवेल. त्यानं ठेवला नाही. तो बोलत नव्हता, तीही बोलत नव्हती, दोघांच्या मधे फक्त गाडीचा आवाज येत होता. मग पुढं कुठंतरी रेंज गेली, आणि राजेश्री मुका झालेला फोन कानाला तसाच धरून बसून राहिली.